प्रा. साईबाबा ‘तांत्रिक मुद्द्यावर’ सुटले होते का? गडचिरोलीच्या खटल्यातून प्रत्येक शिक्षकानं समजून घ्यावं असं काही

सावलीहून गडचिरोलीकडे निघालं की व्याहाडनंतर वैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. कोर्टकचेरीसाठी सावलीकर चंद्रपूरला जातात, पण विद्यापीठाचं काम असेल तर हा पूल ओलांडावाच लागतो. दोन्ही जिल्ह्यांच्या कॉलेजांसाठी २०११ साली सुरू झालेलं गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आहे. याच गावातल्या सत्र न्यायालयात ७ मार्च २०१७ रोजी दिल्ली विद्यापीठाच्या एका इंग्रजीच्या प्राध्यापकाला जन्मठेप झाली. त्यांचं नाव जी. एन. साईबाबा.

पुढचं तुम्ही तुकड्यातुकड्यांनी वाचलं असेल. हायकोर्टानं सोडलं, सुप्रीम कोर्टानं थांबवलं, हायकोर्टानं पुन्हा सोडलं आणि सात महिन्यांत त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव निघालं की फेसबुकवर आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं, ‘तो तर तांत्रिक मुद्द्यावर सुटला’. शिक्षकांच्या ग्रुपवर यावर वाद होतो आणि मग अॅडमिन ‘राजकीय पोस्ट नको’ म्हणून तो बंद करतो.

हे वाक्य अर्धवट आहे. ते तपासताना या खटल्याबद्दल तर कळतंच, पण शिक्षकाला विचार करण्याचं, वाचण्याचं आणि बोलण्याचं स्वातंत्र्य प्रत्यक्षात कशावर टिकून असतं हेही कळतं.

आधी प्रकरण काय होतं ते पाहू

ऑगस्ट २०१३ मध्ये गडचिरोली पोलिसांनी अहेरीत तिघांना अटक दाखवली. त्यातले दोघे एटापल्ली तालुक्यातले आदिवासी तरुण, महेश तिरकी आणि पांडू नरोटे. तिसरा दिल्लीच्या जेएनयूचा विद्यार्थी हेम मिश्रा. पोलिसांच्या म्हणण्यानुसार अटक अहेरीच्या बसस्टँडजवळ झाली. आपल्याला बल्लारशाह रेल्वे स्टेशनवरून आधीच उचललं होतं, असं मिश्राचं म्हणणं होतं. पुढे पत्रकार प्रशांत राही आणि विजय तिरकी यांनाही अटक झाली. या धाग्यावरून पोलीस साईबाबांपर्यंत पोचले. १२ सप्टेंबर २०१३ रोजी अहेरीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचं वॉरंट घेऊन दिल्लीत त्यांच्या घराची झडती झाली. कॉम्प्युटरचं साहित्य, पेनड्राइव्ह, सीडी आणि कागदपत्रं जप्त झाली.

अटक मात्र आठ महिन्यांनी झाली. ९ मे २०१४ रोजी साईबाबा विद्यापीठाच्या परीक्षेचे पेपर तपासून घरी परतत होते. वाटेत त्यांची गाडी अडवली, विमानानं नागपूरला आणलं आणि तिथून अहेरीला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते व्हीलचेअरवर होते आणि त्यांचं अपंगत्व ९० टक्के होतं.

आरोप गंभीर होते. बंदी असलेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) या संघटनेचे ते सदस्य आहेत, रिव्होल्युशनरी डेमोक्रॅटिक फ्रंट ही तिची दर्शनी संघटना ते चालवतात आणि जंगलातल्या नक्षलवाद्यांना शहरातून मदत पोचवतात, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. कायदा लावला यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा. साईबाबा मध्य भारतातल्या ‘ऑपरेशन ग्रीन हंट’ला, जंगलपट्ट्यातल्या सुरक्षा दलांच्या मोहिमेला, जाहीर विरोध करत होते. हे त्यांनी कधी लपवलं नाही. माओवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप मात्र शेवटपर्यंत नाकारला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण कमेंटमध्ये ती लगेच येणार. अटक झाली तेव्हा दिल्लीत यूपीएचं सरकार होतं आणि मुंबईत काँग्रेस-राष्ट्रवादीचं. लोकसभेचा निकाल लागायला अजून एक आठवडा होता. हा खटला एका पक्षाच्या खात्यात टाकायचा म्हटलं तर तारखा आडव्या येतात.

गडचिरोली कोर्टाचा निकाल ८२७ पानांचा होता. पाच जणांना जन्मठेप आणि विजय तिरकीला १० वर्षं. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की १९८२ पासून, म्हणजे चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यापासून, नक्षलवाद्यांच्या भीतीनं या जिल्ह्याचा विकास लकवा मारल्यासारखा अडकला आहे. जन्मठेपही अपुरी आहे, पण कायद्यानं आपले हात बांधलेले आहेत, असा त्यांचा सूर होता. साईबाबा शरीरानं अपंग असले तरी बुद्धीनं धडधाकट आहेत, म्हणून दया नको, असंही त्यात होतं.

या भागात वाढलेल्या माणसाला या निकालातली चीड अजिबात परकी वाटत नाही. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. अशा बातम्या इथल्या घरात नातेवाइकांच्या फोनवरून येतात, टीव्ही नंतर लागतो. पण जिल्ह्याचा विकास चाळीस वर्षं अडकला याचा हिशेब एका विशिष्ट माणसाच्या शिक्षेत घालायचा असेल, तर त्या माणसानं नेमकं काय केलं याचा पुरावा लागतो. हायकोर्टात प्रश्न तिथेच आला.

‘तांत्रिक मुद्दा’ म्हणजे काय?

हायकोर्टाचे निकाल दोन आहेत आणि सगळा गोंधळ त्यामुळेच होतो.

पहिला निकाल १४ ऑक्टोबर २०२२ चा. नागपूर खंडपीठाच्या न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांनी सगळ्यांना सोडलं. कारण होतं यूएपीएचं कलम ४५. या कलमानुसार सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्टाला अशा खटल्याची दखलच घेता येत नाही. ही मंजुरी देताना सरकारनं आधी एका स्वतंत्र अधिकाऱ्याकडून पुरावे तपासून घ्यायचे असतात. २००८ च्या नियमांनुसार त्या अधिकाऱ्याला शिफारस द्यायला सात कामकाजाचे दिवस आणि सरकारला निर्णयासाठी आणखी सात.

साईबाबांच्या बाबतीत खटल्याची दखल घेतली गेली, आरोप निश्चित झाले, आणि मंजुरी त्यानंतर, एप्रिल २०१५ मध्ये आली. बाकीच्यांसाठी मंजुरी आधी होती, पण तपासणी अधिकाऱ्याचा अहवाल जेमतेम अर्ध्या पानाचा होता आणि त्यात कारणांचा पत्ता नव्हता.

आता ही भानगड ‘तांत्रिक’ आहे का? म्हटलं तर आहे. पण विचार करा, हे कलम संसदेनं का घातलं असेल? यूएपीएमध्ये जामीन मिळणं जवळपास अशक्य असतं. पोलिसांच्या कागदांवरून आरोप वरवर खरा वाटला तरी कोर्ट जामीन देऊ शकत नाही. आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते. म्हणजे एकदा माणूस आत गेला की निकालापर्यंत वर्षंच्या वर्षं जातात. इतका कडक कायदा एखाद्या तपास अधिकाऱ्याच्या रागावर किंवा घाईवर सुटू नये म्हणून बाहेरच्या माणसानं एकदा कागद बघावेत, एवढीच ती सोय. मोठ्या धरणाला जसं गेट असतं तसं हे गेट आहे. ते उघडंच राहिलं होतं असं कोर्टानं सांगितलं, आणि देशाच्या सुरक्षेचं कारण पुढे करून असल्या संरक्षणांचा बळी देता येणार नाही असंही.

राज्य सरकार त्याच दिवशी सुप्रीम कोर्टात गेलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टीचा. तरी खास खंडपीठ बसलं आणि निकाल स्थगित झाला. निदान घरी नजरकैदेत ठेवा ही विनंतीही मान्य झाली नाही. या सुनावणीत न्या. एम. आर. शाह तोंडी म्हणाले की दहशतवादी किंवा माओवादी कारवायांच्या बाबतीत मेंदू जास्त धोकादायक असतो. हे वाक्य देशभर गाजलं. ते तोंडी होतं, आदेशाचा भाग नव्हतं, हे सांगायला हवं. पण मेंदूवरच पोट असलेल्या माणसांना, म्हणजे शिक्षकांना, ते कसं ऐकू आलं असेल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

१९ एप्रिल २०२३ रोजी सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला आणि हायकोर्टाच्या वेगळ्या खंडपीठानं सगळं नव्यानं ऐकावं असं सांगितलं. फक्त मंजुरीवर थांबू नका, पुरावेही बघा, असा त्याचा अर्थ. व्हॉट्सअॅपवरची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

दुसऱ्या निकालात काय होतं?

५ मार्च २०२४. न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस. या वेळी कोर्टानं मंजुरीही तपासली आणि पुरावेही. दोन्हीकडे सरकारी पक्ष हरला.

घरझडतीचंच बघा. जप्त झालेल्या मालात महत्त्वाचं होतं ते डिजिटल साहित्य. ते कुणाच्या समोर जप्त झालं? एका निरक्षर पंचासमोर. झडती विद्यापीठाच्या परिसरात होती, आजूबाजूला प्राध्यापकांची घरं, तरी शिकलेला एकही पंच घेतला गेला नाही. हार्डडिस्क म्हणजे काय, पेनड्राइव्ह किती होते, त्यावर सील कसं लागलं, हे ज्याला वाचताच येत नाही त्याच्या सहीवर जन्मठेप उभी होती. कोर्टानं या जप्तीवर विश्वास ठेवला नाही. इलेक्ट्रॉनिक पुरावाही कायद्यानं सांगितलेल्या पद्धतीनं सिद्ध झालेला नव्हता. कुठल्याही दहशतवादी कृत्याशी किंवा हिंसक घटनेशी आरोपींना जोडणारा पुरावा समोर आला नाही.

आणि मग शिक्षकांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग. कोर्टानं म्हटलं की कम्युनिस्ट किंवा नक्षल विचारांबद्दलची प्रचंड माहिती, हिंसेचे व्हिडिओसुद्धा, इंटरनेटवर कुणालाही मिळतात. एखाद्या नागरिकानं ते डाउनलोड केले, किंवा त्या विचाराबद्दल त्याला सहानुभूती जरी असली, तरी तेवढ्यानं गुन्हा होत नाही. हिंसेच्या विशिष्ट घटनेत त्याचा सक्रिय सहभाग दाखवणारा पुरावा लागतो.

हे परत एकदा वाचा. गडचिरोलीतल्या एखाद्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला नक्षलवादावर पेपर लिहायचा असेल, तर तो त्यांची पत्रकं न वाचता कसा लिहिणार? समाजशास्त्राची एमएची मुलगी एटापल्लीत फील्डवर्कला गेली तर तिच्या लॅपटॉपवर काय असेल? ज्या प्रश्नानं हा जिल्हा चाळीस वर्षं घेरला, त्याचा अभ्यास याच जिल्ह्यातल्या विद्यापीठात सगळ्यात चांगला व्हायला हवा. पण कागद घरात सापडणं हाच गुन्हा झाला, तर तो अभ्यास कुणीच करणार नाही. नुकसान माओवाद्यांचं नाही होणार, आपलं होईल.

राज्य सरकार पुन्हा सुप्रीम कोर्टात गेलं. ११ मार्च २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. संदीप मेहता यांनी स्थगिती नाकारली आणि हायकोर्टाचा निकाल सकृद्दर्शनी उत्तम कारणमीमांसेचा आहे असं मत दिलं.

तर ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ हे २०२२ च्या निकालाबद्दल कुणी म्हटलं तर समजू शकतं. २०२४ नंतर तेच म्हणायचं असेल तर दुसरा निकाल न वाचताच म्हणावं लागेल.

पण या दहा वर्षांत शिक्षक म्हणून काय झालं?

कोर्टाच्या तारखांत ही बाजू हरवते, म्हणून जरा थांबून बघू.

अटकेनंतर लगेच दिल्लीच्या रामलाल आनंद कॉलेजनं साईबाबांना निलंबित केलं. २००३ पासून ते तिथे शिकवत होते. २०१५ मध्ये प्रकृतीच्या कारणावर हायकोर्टानं काही महिने जामीन दिला, डिसेंबरमध्ये तो संपला आणि ते पुन्हा नागपूर जेलमध्ये गेले. एप्रिल २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं जामीन दिला. शिक्षा झाल्यावर परत आत. ३१ मार्च २०२१ रोजी कॉलेजनं त्यांची सेवाच संपवली. अपील तेव्हा हायकोर्टात पडून होतं. म्हणजे कोर्टाचा शेवटचा शब्द यायच्या तीन वर्षं आधी कॉलेजचा शब्द येऊन गेला होता.

मधल्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, हैदराबादला त्यांची आई कॅन्सरनं गेली. आईला भेटण्यासाठी मागितलेली सुटका त्याआधीच नाकारली गेली होती. भावाचं घर कोविडच्या प्रतिबंधित क्षेत्रात येतं हे एक कारण त्यात होतं. अंत्यविधीलाही ते जाऊ शकले नाहीत.

पांडू नरोटेबद्दल तर पोस्टही फारशा सापडत नाहीत. एटापल्ली तालुक्यातला हा शेतकरी तरुण २५ ऑगस्ट २०२२ रोजी, कैदेत असतानाच, स्वाइन फ्लूनं गेला. वय ३३. पहिली सुटका पन्नास दिवसांवर होती. ही केस ‘प्रोफेसरची’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात आपल्याकडचे आदिवासी तरुणही होते हे आपल्याच लोकांना आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

७ मार्च २०२४ रोजी साईबाबा नागपूर जेलमधून बाहेर आले. शिक्षेच्या तारखेला बरोबर सात वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी दिल्लीत ते पत्रकारांशी बोलले, तेव्हा जेलमध्ये आजारांवर उपचार कसे मिळाले नाहीत हे सांगितलं आणि वर्गात परत जायचंय हेही. ते शेवटपर्यंत जमलं नाही. नोकरी परत मिळाली नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमध्ये, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीनं त्यांचं निधन झालं. वय ५७. त्यांचे डोळे दान झाले आणि देह हैदराबादच्या गांधी मेडिकल कॉलेजला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी दिला गेला.

हे फक्त डाव्यांच्याच बाबतीत होतं का?

नाही. आणि म्हणूनच ‘आपला-त्यांचा’ या चष्म्यातून हे बघण्यात अर्थ नाही.

केरळात तोडुपुळाच्या न्यूमन कॉलेजचे मल्याळमचे प्राध्यापक टी. जे. जोसेफ यांनी २०१० मध्ये परीक्षेचा पेपर काढला. त्यातल्या एका उताऱ्यावरून धर्मनिंदेचा आरोप झाला. ४ जुलै २०१० रोजी कट्टरपंथी मुस्लीम संघटनेच्या लोकांनी त्यांचा उजवा हात तोडला. कॉलेज चर्चच्या व्यवस्थापनाचं. त्यांनी काय केलं? जोसेफ यांनाच कामावरून काढलं. २०१३ मध्ये कोर्टानं त्यांना धर्मनिंदेच्या आरोपातून मोकळं केलं. तरी नोकरी परत मिळाली ती मार्च २०१४ च्या शेवटी, निवृत्तीला तीन दिवस असताना. त्याच महिन्यात त्यांच्या पत्नीनं आत्महत्या केली होती.

बंगालमध्ये जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांनी एप्रिल २०१२ मध्ये ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलनं पुढे पाठवलं. फक्त फॉरवर्ड केलं. अटक झाली, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लागलं. ते कलमच सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं, तरी महापात्रा पूर्णपणे सुटले जानेवारी २०२३ मध्ये. एका फॉरवर्डला जवळपास ११ वर्षं!

आणि मागे गेलं तर महाराष्ट्रातही हे नवं नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक राहिलेले विष्णु गोविंद विजापूरकर यांना १९०८ मध्ये ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखावरून इंग्रज सरकारनं राजद्रोहात तुरुंगात टाकलं. लेखाचा विषय काय, तर वैदिक प्रार्थना. लेखक पं. सातवळेकर, संपादक विजापूरकर. तळेगावची त्यांची समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शाळाही सरकारनं बंद पाडली.

विजापूरकर, जोसेफ, महापात्रा आणि साईबाबा या चौघांना एका टेबलाशी बसवलं असतं तर त्यांचं कशावरच एकमत झालं नसतं. शिक्षकाचं स्वातंत्र्य म्हणजे आवडत्या शिक्षकाचं स्वातंत्र्य नव्हे, ते यातून दिसतं.

आपल्या जवळची दोन नावं

नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागप्रमुख शोमा सेन यांना भीमा कोरेगाव प्रकरणात ६ जून २०१८ रोजी अटक झाली. गोंडवाना विद्यापीठ व्हायच्या आधी सावलीपासून सिरोंचापर्यंतची कॉलेजं नागपूर विद्यापीठाकडेच होती, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक जुन्या प्राध्यापकांना हे नाव माहीत आहे. जुलैअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधीच विद्यापीठानं निलंबन केलं. त्यांना सुप्रीम कोर्टातून जामीन मिळाला ५ एप्रिल २०२४ रोजी, जवळपास सहा वर्षांनी.

दुसरं नाव आनंद तेलतुंबडे. जन्म चंद्रपूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचा. आयआयटी खरगपूर आणि पुढे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये शिकवलं. १४ एप्रिल २०२० रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, ते एनआयएला शरण गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं जामीन देताना म्हटलं की दहशतवादी कृत्यात त्यांचा सहभाग दाखवणारं काही सकृद्दर्शनी दिसत नाही. सुप्रीम कोर्टानंही तो जामीन कायम ठेवला.

या प्रकरणाचा अंतिम निकाल यायचाच आहे, त्यामुळे यातलं कुणी दोषी की निर्दोष हे आपण ठरवू नये. मुद्दा वेगळा आहे. निकालाआधीच वर्षं, वर्ग आणि नोकरी गेलेली असते.

मग कायद्यात शिक्षकाला संरक्षण आहे का?

भारताच्या राज्यघटनेत ‘शैक्षणिक स्वातंत्र्य’ असे शब्द नाहीत. जर्मनीच्या घटनेत कला, विज्ञान, संशोधन आणि अध्यापन स्वतंत्र आहेत असं थेट लिहिलेलं आहे. आपल्याकडे कलम १९ मधलं सर्वांसाठीचं अभिव्यक्तीस्वातंत्र्य, तेवढंच. १९९७ मध्ये युनेस्कोनं उच्च शिक्षणातल्या शिक्षकांसाठी शिफारशी केल्या. शिकवणं, संशोधन, प्रकाशन यावर सेन्सॉर नको आणि शिक्षकाला इतर नागरिकांसारखे राजकीय हक्क हवेत, असं त्यात आहे. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतही शिक्षकानं चर्चासत्रांतून मोकळेपणानं मत मांडावं असं लिहिलेलं आहे, म्हणजे कागदावर तरी मोकळीक आहे.

जिल्हा परिषदेच्या गुरुजींचं गणित याहून कडक. ते वर्तणूक नियमांनी बांधलेले. त्यात २८ जुलै २०२५ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं शासन निर्णय काढला. सरकारी कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर सरकारच्या धोरणांवर टीका करायची नाही, वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळी ठेवायची, नाहीतर शिस्तभंगाची कारवाई. हा निर्णय स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळाही आल्या. शाळेच्या गळक्या छताचा फोटो स्टेटसला ठेवला तर ती टीका की माहिती? याचं उत्तर स्टेटस बघणारा साहेब ठरवणार.

त्याच जुलैमध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यावर लोकांच्या १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या. हे कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कृत्यांपुरतंच आहे असं सरकारचं म्हणणं. ‘बेकायदा कृत्य’ या शब्दात बोलणं आणि लिहिणंही ओढता येईल, अशी विरोधकांची भीती. २०२४ च्या निकालानं वाचणं आणि करणं यांत जी रेघ ओढली, ती अशा नव्या कायद्यांखालच्या पहिल्या खटल्यांत टिकते का, हे बघावं लागेल.

अर्थात शिक्षकालाही मर्यादा आहेत. वर्गात एखाद्या पक्षाची सदस्यनोंदणी करता येत नाही, विरोधी मताच्या पोराचे मार्क कापता येत नाहीत. पण त्यासाठी यूएपीए लागत नाही, मुख्याध्यापक आणि प्राचार्य पुरेसे असतात.

आणि उद्या नोटीस आलीच तर?

हे कोरडं आहे, पण शिक्षक मित्राला पाठवण्यासारखं. सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो आपोआप निलंबित मानला जातो. निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता हा हक्क आहे, कृपा नव्हे. खाजगी शाळेतल्या कायम शिक्षकाला व्यवस्थापनानं काढलं तर १९७७ च्या कायद्यानुसार शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण मुदत फक्त ३० दिवसांची. ती हुकली की उशिराचं कारण पटवून देत बसावं लागतं. कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात वेगळं न्यायाधिकरण आहे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना यातलं फार थोडं मिळतं, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या कॉलेजांत तासिकेवरचे किती आहेत हे प्राध्यापकांना वेगळं सांगायला नको. त्यांना बडतर्फ करावं लागत नाही. पुढच्या सत्राला बोलावलं नाही की झालं.

तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं तर लेखी मागा. झडती झाली तर पंचनाम्याची प्रत मागा आणि पंच कोण आहेत ते बघून ठेवा.